महासाथ आणि विद्यापीठीय निवासगृहे : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विद्यापीठाचा इतिहास हा सामान्यतः ग्रंथांचा, अध्यापकांचा आणि विद्याशाखांचा इतिहास म्हणून लिहिला जातो. परंतु युरोपातील जुन्या विद्यापीठांच्या दप्तरांत व्याख्यानांपेक्षा अधिक नोंदी आढळतात त्या खोल्यांच्या, जेवणाच्या, सरपणाच्या आणि दाराच्या किल्ल्यांच्या. तरुणांचा एक मोठा समूह आपापल्या घरांपासून दूर, एका छपराखाली झोपतो, एका पंक्तीत जेवतो व एकाच स्नानगृहाचा वापर करतो. ही व्यवस्था विद्यार्जनास पोषक मानली गेली, तशीच ती संसर्गासही पोषक ठरली. साथ आली की अशा वास्तूचे काय करावयाचे हा प्रश्न त्यामुळे विद्यापीठांइतकाच जुना आहे.

इ. स. २०२० मध्ये कोविड-१९ च्या महासाथीत जगभरातील निवासगृहांसंबंधी जे निर्णय झाले, ते त्या वेळी अभूतपूर्व वाटले. इतिहासात डोकावता असे दिसते की, मूळ मार्ग तीनच होते : निवासगृह रिकामे करणे, त्याचे दार लावून घेऊन बाहेरच्या जगाशी संबंध तोडणे, किंवा आतल्या आत आजाऱ्यांना निरोग्यांपासून वेगळे करणे. यांपैकी कोणता मार्ग केव्हा यशस्वी झाला हे रोगाच्या प्रसाराच्या स्वरूपावर अवलंबून होते. त्याखेरीज आणखी एक गोष्ट निर्णायक ठरली, आणि तिच्याकडे वैद्यकाच्या इतिहासकारांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे. जो बाहेर पाठवला जातो त्याला जाण्यास घर आहे काय, आणि जो आत कोंडला जातो त्याला जेवण कोण देतो, हा तो प्रश्न होय. प्रस्तुत निबंधात केंब्रिज, पुण्याजवळील हिंगणे, अमेरिकेतील १९१८ ची महाविद्यालये आणि २०२० ची विद्यापीठे यांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

केंब्रिज : रिकाम्या खोल्या आणि भोजनभत्ता

१६६५ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये प्लेगने थैमान घातले. केंब्रिज नगरीत रोगाची चाहूल लागताच तेथील महाविद्यालयांनी परंपरागत उपाय योजला. विद्यार्थी व फेलो यांनी गावोगावी निघून जावे, असा तो उपाय. केंब्रिजजवळ दर वर्षी भरणारी स्टरब्रिजची प्रसिद्ध जत्राही रद्द करण्यात आली. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या मास्तर व ज्येष्ठ फेलोंनी ७ ऑगस्ट १६६५ रोजी केलेला ठराव या संदर्भात लक्षणीय आहे. साथीमुळे जे फेलो व स्कॉलर ग्रामीण भागात जातील, त्यांना पुढील एक महिना त्यांच्या नेहमीच्या जेवणाचा खर्च नेहमीच्या दराने द्यावा, असे त्यात ठरले. महाविद्यालयाच्या भोजनगृहात मिळणारे अन्न हा स्कॉलरचा हक्क होता. तो जागेवर नसला तरी हक्क संपत नाही, एवढे तत्त्व त्या ठरावाने मान्य केले.

याच महाविद्यालयात त्या वेळी आयझॅक न्यूटन शिकत होता. १६६१ मध्ये तो सबसायझर म्हणून दाखल झाला होता. म्हणजे श्रीमंत सहाध्यायांची व फेलोंची सेवा करून जेवणखर्च भागवणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी तो एक होता. १६६४ मध्ये त्यास स्कॉलरचे पद लाभले आणि भोजनाचा हक्क मिळाला. ऑगस्ट १६६५ च्या ठरावानुसार दिलेला भत्ता त्याच्या नावावर आढळत नाही. त्यावरून तो त्या तारखेपूर्वीच वुल्सथॉर्प येथील घरी गेला असावा, असे अनुमान त्याचे चरित्रकार रिचर्ड वेस्टफॉल यांनी काढले आहे. मार्च १६६६ मध्ये तो परतला, जूनमध्ये साथ पुन्हा उद्भवल्याने पुन्हा घरी गेला आणि १६६७ च्या एप्रिलमध्ये कायमचा परत आला. या दोन वर्षांतील त्याच्या गणित व प्रकाशविषयक चिंतनाची कथा सर्वश्रुत आहे. सफरचंदाच्या झाडाची तर अतिच. तीत एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. न्यूटनला परत जाण्यासाठी घर होते, आईच्या मालकीची शेती होती आणि मागे जमा होत असलेले स्कॉलरचे पद होते. सक्तीच्या सुटीत चिंतन करण्यासाठी ही सामग्री लागते.

नगरीची स्थिती वेगळी होती. साथीच्या काळात केंब्रिजमध्ये मृतांची छापील पत्रके निघत. त्यांत पॅरिशनिहाय मृतसंख्या देऊन शेवटी महाविद्यालये ईश्वरकृपेने प्लेगपासून मुक्त आहेत, अशा आशयाचे वाक्य असे. ते खरेही होते. रिकाम्या खोलीत कोणी आजारी पडत नाही. पण महाविद्यालयांवर पोट असलेले धोबी, आचारी, पाववाले, घोडेवाले नगरातच राहिले होते. यापूर्वीच्या १६३० च्या साथीतही असेच घडले होते. त्या वेळी विद्यापीठ पांगले असता कुलगुरू हेन्री बट्स हे मागे राहिले आणि नगरातील गोरगरिबांच्या मदतीची व आजाऱ्यांच्या व्यवस्थेची जबाबदारी त्यांनी वाहिली. महाविद्यालयात एकही विद्यार्थी उरला नसल्याची आणि आपण एकाकी पडल्याची व्यथा त्यांनी पत्रातून कळवली होती. निवासगृह सुरक्षित ठेवण्याची किंमत निवासगृहाबाहेर चुकवली जाते, याचे हे एक जुने उदाहरण होय.

येथे रोगाच्या स्वरूपाचा विचार करणे क्रमप्राप्त आहे. गाठीचा प्लेग पिसवांमार्फत पसरतो, हे त्या काळी कोणास ठाऊक नव्हते. दूषित हवेस दोष दिला जाई. तरीही स्थलांतराचा उपाय बहुतांशी लागू पडत असे, कारण त्यामुळे माणूस रोगट वस्तीपासूनच दूर जाई. पळून जाणाऱ्याच्या सामानातून वा अंगावरून पिसवा दुसऱ्या गावी गेल्याची उदाहरणे आहेतच. परंतु निरोगी माणूस मोकळ्या रानात गेला की त्याचा धोका कमी होई. उपाय बरोबर होता, त्यामागचे कारण मात्र चुकीचे होते. पुढील शतकांत हीच गोष्ट घोटाळ्याचे मूळ ठरली.

हिंगणे : ज्यांना परत पाठवता येत नव्हते

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग प्रकट झाला आणि काही महिन्यांतच तो पुण्यात पोहोचला. सरकारने १८९७ साली साथरोग अधिनियम संमत केला. पुण्यातील घरझडत्या, सक्तीचे विलगीकरण, लष्कराचा वापर, त्यातून उसळलेला असंतोष आणि २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेला गोळीबार ही हकिकत महाराष्ट्रास नव्याने सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्या काळातील निवासी संस्थांचे काय झाले, याचा विचार क्वचितच झाला आहे.

साथीच्या दिवसांत शहर सोडून माळावर, मळ्यांत, झोपड्या उभारून राहणे हा लोकांनी स्वतःहून स्वीकारलेला उपाय होता. १८९८ मध्ये पॉल लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञाने कराचीत उंदरांवरील पिसवा हे प्लेगच्या प्रसाराचे साधन असल्याचे दाखवून दिले. त्यापूर्वीच उंदीर पडू लागले की गाव सोडावे, हे सामान्य माणूस अनुभवाने शिकला होता. वसतिगृहातील विद्यार्थ्यास त्यासाठी झोपडी बांधण्याचीही गरज नव्हती. त्याचे गाव कोकणात वा देशावर कोठेतरी असे, आणि तो तेथे जाई.

हा मार्ग ज्यांना बंद होता अशा एका संस्थेचे उदाहरण येथे मोलाचे आहे. फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचे प्राध्यापक धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ मध्ये पुण्यात विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम स्थापन केला होता. आश्रमात येणाऱ्या स्त्रिया घरातून सुटून, अनेकदा घरच्यांच्या विरोधात, शिकण्यासाठी आलेल्या. ‘साथ आहे, घरी जा’ असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांचे शिक्षण कायमचे थांबवणे होते. काहींच्या बाबतीत तर जाण्यास ठिकाणच नव्हते. म्हणून येथे विद्यार्थिनी संस्थेतून बाहेर पाठवल्या गेल्या नाहीत. संस्थाच उठून शहराबाहेर गेली. पुण्यातील प्लेगमुळे १९०० साली आश्रम हिंगणे या खेड्यात हलवण्यात आला. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी तेथील सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी ७५० रुपये दिले होते. साध्या झोपडीत आश्रम सुरू झाला, आणि कर्वे फर्ग्युसनमधील अध्यापन संपवून पायी हिंगण्यास जात-येत राहिले.

सनातनी शहराच्या नजरेपासून दूर जाणे हाही या स्थलांतराचा एक लाभ होता. काही अभ्यासक त्यालाच प्रमुख कारण मानतात. दोन्ही कारणे परस्परविरोधी नाहीत. शहरात राहणे प्लेगमुळे धोक्याचे आणि समाजामुळे कष्टाचे झाले होते. महत्त्वाचे हे की, तात्पुरत्या सुरक्षिततेसाठी बांधलेली झोपडी कायमची झाली. त्याच परिसरात पुढे १९१६ मध्ये भारतातील पहिले महिला विद्यापीठ आकारास आले. एका विद्यापीठाच्या पायाभरणीत प्लेगच्या साथीचा अप्रत्यक्ष वाटा आहे, असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये. केंब्रिजने साथीत माणसे हलवली आणि वास्तू राखली. हिंगण्याच्या संस्थापकाने वास्तू सोडली आणि माणसे राखली.

१९१८ : बराक आणि बंद दार

इन्फ्लुएंझाची साथ सर्वस्वी निराळी होती. येथे रोग उंदरासोबत मागे राहत नव्हता, माणसाच्या श्वासासोबत प्रवास करत होता. घरी निघालेला विद्यार्थी रोगापासून दूर जात असेल, किंवा रोग बरोबर नेत असेल; निघताना त्याला स्वतःलाही ते कळत नसे.

अमेरिकेत या साथीचा दुसरा व सर्वांत प्राणघातक तडाखा आणि महाविद्यालयांचे लष्करीकरण या दोन घटना एकाच पंधरवड्यात घडल्या. विद्यार्थी सेना प्रशिक्षण दल या नावाची योजना १ ऑक्टोबर १९१८ रोजी सुरू झाली. त्या दिवशी पाचशेहून अधिक महाविद्यालयांत सुमारे १,४०,००० तरुणांना सैनिक म्हणून दाखल करून घेण्यात आले. वसतिगृहे आणि विद्यार्थी-मंडळांची घरे बराकी झाली. जेथे दोघे राहत तेथे अनेकांच्या खाटा लागल्या. साथ पसरण्यास याहून अनुकूल व्यवस्था मुद्दाम योजूनही साधली नसती. आजाऱ्यांची संख्या रुग्णालयांत मावेना, तेव्हा व्यायामशाळा व सभागृहे रिकामी करून तेथे खाटा मांडाव्या लागल्या. आयोवा स्टेट महाविद्यालयाच्या व्यायामशाळेतील खाटांच्या रांगांचे छायाचित्र आजही त्या साथीच्या इतिहासात वारंवार छापले जाते. हे दल डिसेंबर १९१८ मध्ये बरखास्त झाले. युद्ध संपले होते. दल एकही लढाई न लढता आजारी पडले होते.

परंतु याच काळातील दोन शिक्षणसंस्था वेगळ्या कारणाने अभ्यासकांच्या नजरेत भरल्या. मिशिगन विद्यापीठातील हॉवर्ड मार्केल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९१८ मध्ये अत्यल्प हानी झालेल्या अमेरिकी वस्त्यांचा शोध घेतला. त्यांचा निबंध २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडलेल्या सात स्थळांत प्रिन्स्टन विद्यापीठ आणि ब्रिन मॉर हे स्त्रियांचे महाविद्यालय यांचा समावेश होता. ब्रिन मॉर हे फिलाडेल्फियाच्या अगदी जवळ आहे. त्याच फिलाडेल्फियात २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जाच्या प्रचारासाठी प्रचंड मिरवणूक निघाली आणि पुढील काही आठवड्यांत हजारो माणसे दगावली. या शहराच्या सावलीत असूनही ब्रिन मॉरमध्ये एकही मृत्यू झाला नाही. विद्यार्थिनी आजारी मात्र पुष्कळ पडल्या. प्रिन्स्टनमध्येही आजारी पडणारे होते, मृत्यू नव्हते.

या संस्थांनी परिसराची दारे लावून घेतली, बाहेर जाण्यावर निर्बंध घातले आणि आजाऱ्यांना लवकर वेगळे केले. संशोधकांनी या पद्धतीस ‘संरक्षक अलिप्तता’ अशा अर्थाची संज्ञा वापरली. रोग आत येण्याआधी निरोग्यांनी स्वतःला वेगळे करणे, असे तिचे स्वरूप आहे. मात्र त्यांनी निष्कर्ष काढताना संयम राखला आहे, आणि तो योग्यच आहे. सातांपैकी बहुतेक स्थळे लहान, एकवटलेली आणि एकाच अधिकाऱ्याच्या आज्ञेत चालणारी होती. प्रिन्स्टन त्या वेळी जवळजवळ लष्करी छावणीच झाले होते, त्यामुळे आज्ञा मोडली जाण्याची शक्यता कमी होती. नशिबाचा भाग किती, हे सांगणे अशक्य आहे. शिवाय ज्या संस्थांनी हाच उपाय केला आणि तरीही ज्यांना साथीने गाठले, त्यांच्या हकिकती अशा यादीत येतच नाहीत. बराक आणि बंद दार ही दोन्ही लष्करी शिस्तीचीच अपत्ये असताना एकाने रोग वाढवला व दुसऱ्याने आवरला, यातून शिस्तीचा महिमा सिद्ध होत नाही. खाटांमधील अंतर आणि दार लावण्याची वेळ यांचे महत्त्व मात्र स्पष्ट होते.

वसतिगृहातील जोखमीचे मोजमाप

विद्यार्थी असणे धोकादायक की निवासगृहात राहणे धोकादायक, याचे मोजमाप फार उशिरा झाले. त्याचे निमित्त महासाथ नव्हे, तर मेनिंजायटिस हा क्वचित आढळणारा पण घातक रोग ठरला. अमेरिकेतील १९९८-९९ च्या सुमाराच्या पाहणीत महाविद्यालयीन पदवी-विद्यार्थ्यांत या रोगाचे प्रमाण दर लाखात ०.७ होते. त्याच वयाच्या, पण महाविद्यालयात न शिकणाऱ्या तरुणांत ते १.४ होते. म्हणजे विद्यार्थी एरवी अधिक सुरक्षित होते. परंतु वसतिगृहात राहणाऱ्या प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांत तेच प्रमाण ५.१ इतके आढळले. नव्याने एकत्र आलेले, निरनिराळ्या गावांतून निरनिराळे जंतू घेऊन आलेले तरुण दाटीने राहू लागले की काय होते, याचा हा आकड्यांतील पुरावा होय. या निष्कर्षानंतर तेथे प्रथम वर्षाच्या निवासी विद्यार्थ्यांना लसीची माहिती देण्याची प्रथा रूढ झाली.

२००९ च्या स्वाइन फ्लूत अमेरिकी आरोग्य यंत्रणेने विद्यापीठे बंद करण्याऐवजी आजारी विद्यार्थ्याने खोलीतच थांबावे, औषधाविना ताप उतरल्यावर २४ तास जाईपर्यंत बाहेर पडू नये आणि त्यास जेवण व औषध आणून देण्यास एखादा मित्र आधीच ठरवून ठेवावा, अशी सूचना केली. मित्राची योजना साधी आहे. पण आजाऱ्याचे ताट कोण आणणार हे लेखी विचारात घेणारी व्यवस्था म्हणून तिची नोंद घ्यावयास हवी.

२०२० : घर, ताट आणि कुंपण

मार्च २०२० मध्ये बहुतेक विद्यापीठांनी केंब्रिजचाच जुना मार्ग धरला. हार्वर्डने १० मार्च रोजी पदवी-विद्यार्थ्यांना १५ मार्चपर्यंत खोल्या सोडण्यास सांगितले. इतरत्रही मुदत थोड्याच दिवसांची होती. महाराष्ट्र शासनाने त्याच आठवड्यात १८९७ चा साथरोग अधिनियम लागू केला आणि मुंबई-पुण्यातील वसतिगृहे रिकामी होऊ लागली. पुढे यांपैकी कित्येक वसतिगृहे अलगीकरणाची केंद्रे म्हणून ताब्यात घेतली गेली.

१६६५ शी तुलना करता फरक दोन ठिकाणी पडला. पहिला, हा रोग श्वासाने पसरणारा होता. घरी पाठवणे म्हणजे गर्दी फोडणे होते, तसेच संसर्ग गावोगावी पोहोचवण्याचा संभवही होता. दुसरा, निवासगृहातील सर्वांना घर नव्हते. कोणाचे घर एका खोलीचे, कोणाच्या घरात अभ्यासास जागा वा इंटरनेट नाही. ज्यांचे घर परदेशात होते त्यांची अडचण तर उघड होती. भारताने २२ मार्च २०२० पासून नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी विमानसेवा स्थगित केली आणि परदेशस्थ नागरिकांना आणणारे ‘वंदे भारत’ अभियान ७ मे रोजी सुरू झाले. मधल्या काळात अमेरिका व ब्रिटनमध्ये अडकलेल्या भारतीय विद्यार्थ्यांत मराठी विद्यार्थीही होते. खोली सोडा म्हणणारी सूचना हाती आणि मायदेशाचे दार बंद, अशी त्यांची अवस्था झाली. अनेक विद्यापीठांनी अर्ज करणाऱ्यांना राहू दिले. पण राहण्यासाठी अर्ज करावा लागणे, हीच एक परीक्षा होती.

शरद ऋतूत दारे उघडताना मतभेद झाले. नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाच्या चॅपल हिल परिसरात १० ऑगस्ट रोजी वर्ग सुरू झाले. आठवडाभरात चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण २.८ वरून १३.६ टक्क्यांवर गेले. चारपैकी तीन संसर्गपुंज निवासगृहांतील होते. १७ ऑगस्टला पदवी-वर्ग पुन्हा दूरस्थ करण्याचा निर्णय जाहीर झाला. तेथून थोड्याच अंतरावरील ड्यूक विद्यापीठाने निराळी रीत अवलंबली. निवासी विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित ठेवली, खोलीत एकालाच जागा दिली, आल्याबरोबर चाचणी घेतली आणि त्यानंतरही लक्षणे नसलेल्यांची वारंवार तपासणी चालू ठेवली. पाच नमुने एकत्र करून तपासण्याच्या पद्धतीमुळे खर्च आटोक्यात राहिला. २ ऑगस्ट ते ११ ऑक्टोबर या काळात १०,२६५ विद्यार्थ्यांचे ६८,९१३ नमुने तपासले गेले आणि ८४ जण बाधित आढळले. त्यांपैकी निम्म्याहून किंचित अधिक लक्षणविरहित होते. लक्षणे दिसण्याची वाट पाहिली असती, तर ते खोल्याखोल्यांतून वावरत राहिले असते. ड्यूक श्रीमंत आहे, हे अर्थातच विसरता येत नाही. रिकामी खोली ही महागडी वस्तू आहे.

ॲरिझोना विद्यापीठाने तर निवासगृहाच्या सांडपाण्याची तपासणी केली. ऑगस्टच्या अखेरीस लायकिन्स निवासगृहाच्या सांडपाण्यात विषाणूचे अंश सापडताच तेथील सर्व ३११ जणांची चाचणी झाली. दोघे बाधित निघाले, दोघांनाही लक्षणे नव्हती, आणि त्यांना लगेच वेगळे करण्यात आले. एकाच नळातून वाहणारे पाणी ही निवासगृहाची जी दुर्बलता मानली जात असे, तीच येथे टेहळणीच्या कामी आली.

भोजनगृहाचा प्रश्न मात्र सर्वत्र चिवट राहिला. जेवताना मुखपट्टी काढावीच लागते. मद्रासच्या आय.आय.टी.त डिसेंबर २०२० मध्ये सुमारे ७०० विद्यार्थीच परिसरात असताना शंभराहून अधिक बाधित आढळले. वसतिगृहे अनेक होती, चालू असलेली खानावळ एकच होती. खोल्या विरळ करून पंगत दाट ठेवली की काय होते, ते येथे दिसले. त्यानंतर जेवण खोल्यांवर पोहोचवण्याची व्यवस्था करण्यात आली. परंतु खोलीवर जेवण पोहोचवणे म्हणजेही जेवण देणे असतेच असे नाही. न्यूयॉर्क विद्यापीठात ऑगस्ट २०२० मध्ये अलगीकरणात ठेवलेल्या विद्यार्थ्यांनी आपल्याला उशिरा मिळणाऱ्या अपुऱ्या डब्यांची चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकली आणि विद्यापीठास दिलगिरी व्यक्त करावी लागली. साडेतीनशे वर्षांपूर्वी ट्रिनिटीने गैरहजर विद्यार्थ्याच्या ताटाचा हिशेब ठेवला होता. येथे विद्यार्थी आत होता आणि ताट हरवले होते.

ब्रिटनमध्ये संघर्ष अधिक उघड झाला. सप्टेंबर २०२० च्या अखेरीस मँचेस्टर मेट्रोपॉलिटन विद्यापीठातील सुमारे १,७०० विद्यार्थ्यांना, १२७ जण बाधित आढळल्यावर, अकस्मात आपापल्या निवासगृहांत अलग राहण्यास सांगण्यात आले. त्यांतील बहुसंख्य प्रथम वर्षाचे, घर सोडून जेमतेम काही दिवस झालेले. त्याच शहरातील मँचेस्टर विद्यापीठाच्या फॅलोफिल्ड परिसरात ५ नोव्हेंबर रोजी, देशव्यापी टाळेबंदीच्या पहिल्या दिवशी, निवासगृहांभोवती पूर्वसूचनेशिवाय लोखंडी कुंपण उभे राहिले. विद्यार्थ्यांनी त्याच रात्री ते पाडले. बाहेरच्यांना आत येऊ न देणे हा कुंपणाचा हेतू असल्याचे विद्यापीठाने सांगितले, आणि ते अविश्वसनीय मानण्याचे कारण नाही. १९१८ मध्ये ब्रिन मॉरनेही तेच केले होते. परंतु ब्रिन मॉरच्या विद्यार्थिनी आणि फॅलोफिल्डचे विद्यार्थी यांच्या स्थितीत मोठा फरक होता. फॅलोफिल्डमध्ये विद्यार्थ्यांना परिसरात बोलावून, खोल्यांचे भाडे घेऊन, शिकवणे बव्हंशी पडद्यावरच ठेवले गेले होते. साथीपासून संरक्षण आणि भाडेवसुली यांच्यातील सीमारेषा त्यांना दिसेनाशी झाली होती.

कुलगुरूंनी क्षमा मागितली. आठवड्याभराने काही विद्यार्थ्यांनी ओवेन्स पार्क येथील रिकामा मनोरा ताब्यात घेतला आणि भाडे न भरण्याची चळवळ पसरली. नोव्हेंबरच्या शेवटी विद्यापीठाने सप्टेंबर ते जानेवारी या काळातील निवासभाड्यात ३० टक्के सवलत जाहीर केली.